दोन विमानांच्या मधले गाव



गाडी बदलण्यासाठी मध्येच उतरून थांबणे हा प्रकार आपल्याला नवा नाही. मनमाड, भुसावळ, दौंड, कुर्डुवाडी, मिरज ही नावे आपल्यापैकी अनेकांना भूगोलाच्या पुस्तकाआधी रात्रीच्या फलाटाने शिकवली. पहाटे अडीचची गाडी, तिला दोन तास उशीर, फलाटावर पसरलेली सतरंजी, उशाला ट्रंक, फडक्यात बांधलेल्या दशम्या आणि शेजारच्या सतरंजीवरून येणारा प्रश्न, "कुठवर जायचं?" दशमी सोडेपर्यंत ओळख होते, ती संपेपर्यंत दूरचे नातेही निघते. फलाटावर कसे थांबावे हे आपल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

पण हाच माणूस विमानतळावर थांबायची वेळ आली की अंग चोरून बसतो. आणि ही वेळ आता केवळ शहरी माणसावर येते असे नाही. २०१७ साली 'उडान' योजनेची विमाने सुरू झाली, तेव्हापासून लहान गावांची नावे एकेक करून विमानांच्या वेळापत्रकात येऊ लागली. नांदेड, कोल्हापूर, जळगाव ही नावे त्यात दिसली. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहूनही विमान उडाले. मुलगा बंगळूरला कारखान्यात, लेक दिल्लीकडे दिलेली, पुतण्या आखातात. तिकीट तेच काढून पाठवतात. आणि प्रत्येक गावाहून प्रत्येक गावाला सरळ विमान नसल्याने मध्ये कुठेतरी उतरून दुसरे विमान धरावे लागते. कधी दोन तास, कधी पाच, कधी सात. तिकीट काढणारे याला 'लेओव्हर' म्हणतात. आपण आपला साधा 'थांबा' म्हणू.

माझे आज इतकेच सांगणे आहे, की हे तास विमान कंपनीचे नाहीत, विमानतळाचेही नाहीत. ते तुमचे आहेत. आणि थांबा लहान किंवा मध्यम शहरात असेल तर ती अडचण समजू नका, सोय समजा. कारण उघड आहे. बंगळूरचा विमानतळ शहराच्या मध्यभागापासून पस्तीसेक किलोमीटर दूर. तिथे गाव पाहायला निघालेला माणूस वाटेतच अडकायचा. नागपूरचा विमानतळ सीताबर्डीपासून आठेक किलोमीटरवर. मोठ्या शहरात सहा तासांत काहीच होत नाही, लहान शहरात सहा तासांत बरेच काही होते.

पण गाव पाहण्याची गोष्ट पुढची. आधी भीतीची बोलू.

काही वर्षांपूर्वी एका विमानतळावर (नाव सांगत नाही, कारण दोष त्या एकाच जागेचा नाही) मला एक वऱ्हाडी जोडपे भेटले. पासष्टीच्या पुढचे. मुलाकडे चालले होते आणि सात तासांचा थांबा होता. सकाळी उतरले तेव्हापासून एकाच बाकावर. मी शेजारी बसलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. मावशींना घेरी आल्यासारखे होत होते. मी पाण्याची बाटली पुढे केली, तर त्यांनी हातानेच नको म्हटले. काका म्हणाले, "सकायपासून पानी नाई पेली ते. पानी पेलं का जा लागते, आन् कुठीसा हाय ते इचारायचं कोनाले?" मी म्हटले, "काका, तुम्ही तरी उठून थोडे फिरून यायचे." तर म्हणाले, "भाऊ, उठलो आन् तेवढ्यात इमान गेलं त मंग?"

प्रसाधनगृह त्या बाकापासून चाळीस पावलांवर होते. पिण्याच्या पाण्याचा नळ त्याच्याच शेजारी होता, आणि ते पाणी फुकट होते. पण पाट्या इंग्रजीत होत्या, चित्रे असून ती उमगत नव्हती, आणि भोवतीची सगळी माणसे इतकी घाईत व इतकी नीटनेटकी की विचारायची छाती होईना. शेवटी फरशी पुसणाऱ्या एका बाईंनी मावशींचा हात धरून त्यांना नेले. त्या बाई मराठी बोलत नव्हत्या. पण असल्या कामाला भाषा फार लागत नाही.

हीच दोन माणसे भुसावळच्या फलाटावर असती, तर चार तासांत त्यांनी आजूबाजूच्या पाच कुटुंबांची चौकशी केली असती. विमानतळावर ती तहानलेली बसली, याला त्यांचे अडाणीपण कारण नाही. ही जागा आपली नाही, इथे आपण कसेबसे खपवून घेतले गेलो आहोत, ही जी समजूत त्या काचा आणि तो गारवा करून देतो, ती कारण आहे. तिकिटाचे पैसे मात्र त्यांनीही इतरांएवढेच मोजले होते.

तेव्हा घरातले म्हातारे माणूस एकटे पाठवायचे असेल तर काही गोष्टी निघण्यापूर्वी सांगून ठेवाव्यात. बरोबर शिदोरी नेता येते. भाकरी, दशम्या, कोरडी चटणी, चिवडा यांना देशांतर्गत प्रवासात कोणी हरकत घेत नाही, आणि तिथल्या किमती पाहता ती न्यावीच. रिकामी बाटली बरोबर घ्यावी, तपासणीनंतर आत भरून घ्यावी. गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवावी. म्हणजे खुर्ची ढकलणारा माणूस या विमानातून त्या विमानापर्यंत पोचवतो. हा उपकार नाही, सोय आहे. आणि विचारायचे झाले तर खाकी गणवेशातल्या जवानाला विचारावे. जवान फार बोलत नाही, पण हात दाखवून बरोबर वाट सांगतो.

विमान चुकण्याची भीती मात्र अगदीच खोटी नाही. पुष्कळ विमानतळांवर आता घोषणा फारशा करत नाहीत. गोंगाट नको म्हणून सारे काही पडद्यावर दाखवतात. बसल्या जागी कानावर काही पडेल या भरवशावर राहिलेला माणूस फसतो. पडद्यावर आपल्या विमानाचा क्रमांक शोधायचा, त्यासमोर दाराचा क्रमांक असतो, तो लिहून घ्यायचा आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहायचा. कारण दार बदलते. सुटण्याच्या वेळेआधी साधारण पंचवीस मिनिटे ते दार बंद होते. तिकिटावर ५ वाजता लिहिले आहे म्हणजे ४ वाजून ३५ मिनिटांनी सगळा खेळ संपला असे धरून चालावे. एस. टी. च्या कंडक्टरसारखा इथे कोणी "अजून कोण राहिलं का?" असे दारातून ओरडत नाही.

इथे माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. वर्गात आपण घड्याळाचे गणित शिकवतो. चोवीस तासांचे घड्याळ शिकवताना एकदा विमानाचे तिकीट फळ्यावर काढा. १७.१० म्हणजे संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटे, हे पोरांना चटकन येते. खरी गंमत मध्यरात्रीची. तिकिटावर '१५ तारीख, ००.३०' असे लिहिलेले असते. माणूस १५ तारखेला दिवसभर सावकाश सामान बांधतो, रात्री दहाला विमानतळावर जातो, आणि त्याचे विमान आदल्या रात्रीच, म्हणजे १४ ची रात्र संपून अर्धा तास होताच गेलेले असते. शिकलेली माणसेसुद्धा यात फसतात. हे गणित ज्या पोराला वर्गात आले, ते घरी जाऊन आजोबांचे तिकीट वाचून दाखवील.

दुसरी गोष्ट सामानाची. मोठी पेटी देताना तिला कागदाची पट्टी बांधतात. तिच्यावर तीन इंग्रजी अक्षरे ठळक छापलेली असतात, तो शेवटच्या गावाचा संकेत असतो. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असतील तर पेटी बहुधा परस्पर पुढे जाते. मधल्या गावी ती उतरवून घ्यावी लागत नाही. पण ती अक्षरे मधल्याच गावाची निघाली, तर तिथे पट्ट्यावरून पेटी घ्यावी लागते आणि पुन्हा नव्याने द्यावी लागते. म्हणून पेटी देतानाच खिडकीवर विचारावे, "ही कुठवर जाणार?" हा प्रश्न आपल्याला चांगला येतो. पुढच्या विमानाचा प्रवेशपासही तेव्हाच मागून घ्यावा.

आणि विमानाला उशीर झाला तर? ठरलेला थांबा वेगळा आणि उशीर वेगळा. ठरलेल्या थांब्यात कंपनी तुम्हांला काही देणे लागत नाही. पण अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर झाला, आणि तुम्ही वेळेवर हजर असाल, तर खाणेपिणे कंपनीने द्यावे असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. लांबच्या उड्डाणांना ही मर्यादा थोडी जास्त आहे. पुष्कळदा मागितल्याशिवाय मिळत नाही. मागावे.

आता बाहेर पडण्याकडे वळू. देशातल्या देशात प्रवास करताना मधल्या गावी विमानतळाबाहेर जाता येते. परत येताना पुढचे तिकीट आणि ओळखपत्र दारावर दाखवायचे आणि तपासणी पुन्हा करून घ्यायची. कोणाची परवानगी लागत नाही. लागते ती फक्त वजाबाकी. समजा, सकाळी १० वाजता तुम्ही उतरलात आणि पुढचे विमान संध्याकाळी ५ ला आहे. दिसायला सात तास. बाहेर पडेपर्यंत साडेदहा. परत दुपारी ३ ला दारात हजर, असे मनाशी पक्के धरा. राहिले साडेचार. त्यात जाण्यायेण्याचा एक तास. म्हणजे हातात साडेतीन तास. थांबा चार तासांहून कमी असेल तर या वजाबाकीत काही उरत नाही. मग आतच बसावे, पाय मोकळे करावेत, झोप काढावी. पण साडेतीन तास हातात असतील तर एक गाव ओळखीचे होऊ शकते.

उदाहरणाला मी नागपूरच घेतो. इतिहासानेच या गावाला थांब्याचे गाव केले होते, हे पुष्कळ नागपूरकरांनाही आता आठवत नाही.

स्वातंत्र्यानंतर दीड वर्षाने, जानेवारी १९४९ मध्ये, रफी अहमद किडवई दळणवळण मंत्री असताना, रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. तिची रचना इतकी सोपी आणि सुंदर होती की भूगोलाच्या तासाला फळ्यावर काढावी. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे. चारही विमाने मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमत. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई: मुंबईची पत्रे कलकत्त्याच्या विमानात, मद्रासची दिल्लीच्या विमानात. आणि पहाटेच्या आत चारही विमाने आपापल्या गावी परतत. संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत वाटले जाई. नागपूर देशाच्या मध्यावर आहे, एवढ्या एका गोष्टीवर ही सारी योजना उभी होती. डाकोटा विमाने, पुढे स्कायमास्टर. १९५३ नंतर इंडियन एअरलाइन्सकडे हे काम आले. या विमानांतून उतारूही जात, दिवसाच्या मानाने कमी भाड्यात. म्हणजे मुंबईहून मद्रासला निघालेला माणूस रात्री एक-दीडच्या सुमारास सोनेगावला उतरून दुसऱ्या विमानात बसे. आपले मनमाडच म्हणा ना. फक्त रूळ नाहीत एवढेच. वीसहून अधिक वर्षे ही रात्रीची जत्रा भरत होती. १९७० च्या दशकात ती उठली.

आता तिथे जे विमान उतरते, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरते, म्हणजे त्याच सोनेगावला. बाहेर पडल्यावर ऑटो करून वर्धा रोडवरच्या मेट्रोच्या 'एअरपोर्ट' स्थानकावर जावे. अंतर थोडे आहे, पण ओझे घेऊन चालण्यासारखे नाही. ही मेट्रो २०१९ साली धावू लागली. ती जमिनीवरून उंच जाते, म्हणून खिडकीजवळ उभे राहिले की गाव फुकटात दिसते. वाटेत वर्धा रोडवर एक नवल आहे: खाली रस्ता, त्याच्यावर दुसरा रस्ता आणि त्याच्याही डोक्यावर मेट्रोचा रूळ. सव्वातीन किलोमीटरला थोडा कमी असा हा पूल आहे, आणि २०२२ साली त्याची जागतिक विक्रमांत नोंद झाली. एकाच खांबावर दोन मजले का घेतले? जागा वाचते, आणि जमीन दोनदा विकत घ्यावी लागत नाही.

रहाटे कॉलनीला उतरून पुन्हा ऑटोने दीक्षाभूमीला जावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती ही जागा. आजचा स्तूप २००१ साली खुला झाला. बाहेरून तो सांचीच्या स्तूपासारखा दिसतो. सांचीचा स्तूप आतून भरीव आहे, हा मात्र पोकळ; आत शिरले की प्रशस्त गोल सभागृह लागते. शिक्षकांनी हा फरक मुद्दाम पाहावा. बोधिवृक्षाखाली थोडा वेळ बसावे. त्या आवारात खेड्यापाड्यांतून आलेली माणसे असतात, डबे सोडून बसलेली, मुलांना पुतळा दाखवणारी. विमानतळाच्या बाकावर अंग चोरून बसणारा माणूस इथे ताठ बसलेला दिसतो. घाई करून निघू नये. साडेतीन तासांपैकी एक तास इथे गेला तरी तो योग्य जागी गेला. फक्त विजयादशमीच्या सुमारास थांबा असेल तर गर्दीचा अंदाज घेऊनच निघावे. त्या दिवसांत गावातली वजाबाकी निराळी असते.

तिथून सीताबर्डी. मेट्रोच्या दोन्ही मार्गांचे हे जंक्शन, म्हणजे इथेही गाडी बदलणारी माणसे. शेजारच्या टेकडीवर किल्ला आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात, २६ आणि २७ तारखेला, नागपूरकर भोसल्यांची आणि ईस्ट इंडिया कंपनीची लढाई इथे झाली आणि भोसल्यांचे राज्य तिथून कंपनीच्या मुठीत गेले. पण किल्ला चढायच्या भानगडीत पडू नका. तो सैन्याच्या ताब्यात आहे, वर्षातल्या मोजक्या दिवशीच लोकांना खुला होतो. खालून पाहावा आणि पुढे चालू लागावे.

पुढचेच स्थानक झिरो माईल. इथे वाळूच्या दगडाचा एक खांब आहे. इंग्रजांच्या काळात देशाची त्रिकोणमितीय मोजणी झाली, तिच्याशी हा खांब जोडलेला आहे. त्यावर निरनिराळ्या गावांची अंतरे मैलांत कोरली आहेत: जबलपूर १७०, हैदराबाद ३१८. हाच भारताचा मध्यबिंदू असे सर्रास सांगतात. भूगोलाचा माणूस म्हणून मला इथे थोडे अडखळायला होते. देशाचा मध्य काढायचा तर सीमा कोणत्या धरायच्या? हा खांब उभा राहिला तेव्हा लाहोर आणि ढाका याच देशात होते. १९४७ नंतर सीमा बदलल्या, तसा मध्यही सरकला. खांब मात्र आहे तिथेच आहे. मुलांना घेऊन गेलात तर हा प्रश्न त्यांच्यापुढे टाका. उत्तर तुम्ही देऊ नका.

जवळच अजब बंगला आहे, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय. १८६३ सालचे. शिलालेख, शस्त्रे, पेंढा भरलेले प्राणी, गोंड आणि इतर आदिवासींच्या जीवनाच्या वस्तू. सोमवारी ते बंद असते, आणि माझा अनुभव असा की थांबा नेमका सोमवारीच येतो.

एक मोह मात्र आवरावा. नागपूरला उतरलेल्या माणसाला कोणी ना कोणी सांगतोच, "रामटेक इथंच तर आहे जी!" रामटेक पन्नासेक किलोमीटर आहे, सेवाग्राम त्याहूनही लांब. रामटेक म्हणजेच मेघदूतातला रामगिरी, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी साधार मांडले. तिथे जावेच. पण त्या यक्षाला थांबा वर्षभराचा होता. आपल्याला साडेतीन तासांचा आहे.

खाण्याचे काय? सकाळी पोचलात तर तर्री पोहे. पोह्यांवर हरभऱ्याची तिखट लाल तर्री ओततात. बाहेरच्या माणसाने पहिल्यांदा "तर्री कमी" म्हणावे आणि मग हवी तर मागून घ्यावी. सावजी जेवण प्रसिद्ध आहे. पण पुढे विमानात दीड तास पट्टा बांधून बसायचे आहे हे लक्षात घेऊन ज्याने त्याने निर्णय करावा. मे महिन्यात असाल तर हा सारा बेत गुंडाळून ठेवा. पारा ४५ अंशांना टेकतो. दुपारी दुपट्टा बांधल्याशिवाय नागपूरकरही बाहेर पडत नाही. अशा वेळी एक दीक्षाभूमी पाहून सावलीला परतावे.

संत्र्यांचे सांगायला हवे. वर्षभर कोणीतरी संत्री विकतच असतो, पण नागपुरी संत्र्याचे बहार दोन: आंबिया बहाराची फळे नोव्हेंबर-डिसेंबरात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. २०१४ साली या संत्र्याला भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला. घेताना रंगावर जाऊ नका. साल सैल आणि फळ हाताला जड लागले पाहिजे. हातातल्या पिशवीला बहुतेक कंपन्या सात किलोंची मर्यादा ठेवतात, म्हणून दोन-तीन किलोंवर थांबावे, आणि ती पिशवी आपल्या पायाशी ठेवावी. डोक्यावरच्या कप्प्यात कोणीतरी आपली पेटी त्यावर आदळतो आणि विमानभर वास सुटतो.

हे झाले थांबणाऱ्या माणसाचे. ज्या गावात तो थांबतो त्या गावाचे काय? याचे एक उदाहरण दूरदेशीचे आहे, पण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड बेटावर गॅन्डर नावाचे गाव आहे. वस्ती सुमारे दहा हजार, आपल्याकडच्या मोठ्या बाजारगावाएवढी. एके काळी अटलांटिक समुद्र ओलांडणारी विमाने तेल भरायला तिथे उतरत, म्हणून गावाला मोठी धावपट्टी होती. पुढे विमाने थेट जाऊ लागली आणि गॅन्डर विसरले गेले. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेने आपले आकाश बंद केले आणि वाटेतली ३८ प्रवासी विमाने एका दिवसात या गावी उतरली. साडेसहा हजारांवर माणसे. ती कित्येक दिवस तिथे राहिली. गावाने शाळा, चर्चे, सभागृहे उघडली. घराघरांतून जेवण आले. शाळेच्या गाड्यांचे चालक तेव्हा संपावर होते. संप बाजूला ठेवून ते कामावर आले. इतके अन्न जमले की बर्फावर खेळायच्या मैदानाचे त्यांनी शीतगृह केले. 

आपल्या गावांवर असा प्रसंग येऊ नये. पण एवढा मोठा प्रसंग नसताना एक लहान काम करता येईल, आणि ते शाळेनेच करावे असे मला वाटते. जिथे विमानतळ आहे त्या गावच्या आठवी-नववीच्या मुलांनी एक कागद तयार करावा: 'तुमच्याजवळ चार तास आहेत'. मोठ्या मराठी आणि हिंदी अक्षरांत. कुठे जावे, अंतर किती, ऑटोला साधारण किती पडतात, कोणती जागा कोणत्या वारी बंद, पाणी आणि प्रसाधनगृह कुठे, परत कधी निघावे. मुलांनी ती अंतरे स्वतः जाऊन घड्याळ लावून मोजावीत; पुस्तकातून उतरवलेली चालणार नाहीत. मग तो कागद घेऊन विमानतळाच्या अधिकाऱ्यांना भेटावे आणि बाहेरच्या दाराशी लावण्याची परवानगी मागावी. पहिल्यांदा नाही म्हटले तर दुसऱ्यांदा पालकांना बरोबर न्यावे.

नांदेडच्या मुलांचे काम मात्र फार सोपे आहे. त्यांच्या कागदावर पहिली ओळ सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरची येईल. तिथे पंगतीला बसणाऱ्याला तू कोण आणि कुठला हे कोणी विचारत नाही. विमानतळापासून तिथे जायला किती मिनिटे लागतात, तेवढे मोजून लिहिले की झाले.